पल्पचा 'मोअर': २४ वर्षांची गॅप आणि 'इंडी' नावाचा गुंता

६ जून २०२५ ला पल्प या ब्रिटिश बँडचा 'मोअर' हा अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनच्या अल्बम चार्टवर एक नंबरला गेला. याआधीचा स्टुडिओ अल्बम 'वी लव्ह लाइफ', तो २००१ चा. मधल्या २४ वर्षांबद्दल सगळे बोलले आणि ते साहजिकच आहे, पण माझ्या मते खरी बातमी लेबलची, म्हणजे अल्बम काढणाऱ्या रेकॉर्ड कंपनीची आहे. हा अल्बम रफ ट्रेड या लंडनच्या स्वतंत्र लेबलवर आलाय आणि पल्पच्या बाबतीत ही छोटी गोष्ट नाही.

त्यासाठी आधी 'इंडी' या शब्दाकडे बघावं लागतं. आपल्याकडे इंडी म्हणजे सिनेमाबाहेरचं गाणं, इतकं सरळ आहे. ब्रिटनमधे मात्र हा शब्द सुरुवातीला संगीताचा नव्हताच, माल दुकानात कुणी पोचवला याचा होता. जानेवारी १९८० मधे तिथे इंडी चार्ट सुरू झाला आणि नियम एवढाच की रेकॉर्डचं डिस्ट्रिब्युशन मोठ्या कंपन्यांकडे नसावं, मग त्यात गिटार असो नाहीतर अजून काही. त्यामुळे १९८८ मधे एका ऑस्ट्रेलियन टीव्ही स्टारचं चकचकीत डान्स पॉप या चार्टच्या टोकाला जाऊन बसलं, आणि नियमाने ते बरोबरच होतं. पण तोवर लोकांच्या तोंडी अर्थ बदललेला. १९८६ मधे एका संगीत साप्ताहिकाने २२ बँडची 'सी ८६' कॅसेट काढली होती आणि इंडी म्हटलं की तसलाच आवाज डोक्यात यायला लागला, किणकिणती गिटार, थोडं कच्चं रेकॉर्डिंग. म्हणजे शब्द एक आणि अर्थ दोन, मालकीचा वेगळा आणि आवाजाचा वेगळा. २००९ मधे चार्टचा नियमच बदलला, आता लेबलची निम्मी तरी मालकी मेजर, म्हणजे बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर असावी लागते. तरी भांडण काही मिटलेलं नाही.

पल्पची गंमत ही की ते या दोन्ही अर्थांच्या मधे सापडले. १९७८ ला शेफिल्डच्या एका शाळेत सुरुवात, १९८१ मधे रेडिओ सेशन, १९८३ मधे पहिला अल्बम, हा भाग फॅन लोकांना पाठच आहे. १९८५ मधे ते एका स्वतंत्र लेबलकडे गेले. खरी रखडपट्टी तिथली. १९८९ च्या सुमारास 'सेपरेशन्स'चं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि अल्बम बाजारात आला जून १९९२ मधे! तयार गाणी पडून, गायक तोवर लंडनला फिल्मचं शिक्षण घ्यायला गेलेला. मधे त्यांनी शेफिल्डच्याच एका छोट्या लेबलवर सिंगल्स काढले, ते गाजायला लागले, पण जुन्या कराराचं झंगट काही सुटत नव्हतं.

मग ते आयलंडकडे गेले. आयलंड १९५९ ला जमैकात सुरू झालेलं स्वतंत्र लेबल, पण १९८९ मधेच ते पॉलीग्राम या बड्या कंपनीला विकलं गेलं होतं, म्हणजे कागदोपत्री सरळसरळ मेजर. त्या काळात मेजरकडे गेलं की विकले गेले हे ऐकावंच लागायचं आणि आजही काही जण पल्पचा विषय निघाला की तोच सूर लावतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या व्यवस्थेला स्वतंत्र म्हणायचं तिच्यात या लोकांची वर्षं गेली, आणि १९९४ चा 'हिज अँड हर्स' आणि १९९५ चा 'डिफरंट क्लास' निघाले ते मेजरच्या पैशावर. त्या दुसऱ्या अल्बमचं कव्हर आठवा, खऱ्या लग्नाचा रंगीत ग्रुप फोटो आणि पाहुण्यांच्या मधे उभे केलेले बँडवाल्यांचे ब्लॅक अँड व्हाइट पुठ्ठ्याचे कटआउट. असलं डोकं कंपनीच्या मीटिंगमधून येत नाही. म्हणजे जग त्यांना इंडी म्हणून ओळखायला लागलं तेव्हा मालकीच्या अर्थाने ते इंडी नव्हतेच.

रफ ट्रेडचा प्रवास बरोबर उलटा. १९७६ मधे पश्चिम लंडनमधलं रेकॉर्डचं दुकान, १९७८ मधे लेबल, दुकानांना माल पोचवणारं जाळंही त्यांचंच, आणि १९९१ मधे सगळं कोसळलं. २००० मधे लेबल परत उभं राहिलं, आज ते स्वतंत्र लेबलांच्याच एका गटात आहे. लेबल चालवणारी मंडळी पल्पची मॅनेजमेंटही पूर्वीपासून बघायची, त्यामुळे 'मोअर' तिथे जाणं म्हणजे अनोळखी दारात जाणं नव्हे.

अल्बम करायचं आधी ठरलेलंही नव्हतं. २०२३ मधे पुन्हा कॉन्सर्ट सुरू झाले, त्याच वर्षी मार्चमधे जुना बेसिस्ट (बेस गिटार वाजवणारा) वारला, 'सेपरेशन्स'पासून सोबत असलेला. टूरमधे एक नवीन गाणं वाजवून बघितलं, ते जमलं, मग अजून सुचत गेली. १८ नोव्हेंबर २०२४ ला लंडनच्या वॉल्थमस्टोमधे रेकॉर्डिंग सुरू झालं आणि ३ आठवड्यांत संपलं, बँडच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा सगळ्यात कमी वेळात झालेला अल्बम. यात एआय वापरलेला नाही हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. अल्बम त्या बेसिस्टला अर्पण केलाय.

आणि रिलीजनंतर ३ आठवड्यांनी ते ग्लास्टनबरी या ब्रिटनमधल्या मोठ्या संगीत महोत्सवात अचानक उभे राहिले. १९९५ मधे दुसऱ्या बँडच्या गिटारिस्टचा अपघात झाला म्हणून ऐनवेळी पल्पला तिथला मुख्य स्लॉट मिळाला होता, त्याला ३० वर्षं झाली. यावेळी कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं, त्या जागी 'पॅचवर्क' लिहिलेलं होतं.