एकाच सर्किटचे वंशज: हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्पच्या आवाजामागचा इतिहास

नागपुरात मेटल वाजवणारी पोरं जमली की, मग ती धरमपेठेतली सरावाची खोली असो की व्हीएनआयटीच्या ‘आरोही’चं बॅकस्टेज, गिटारच्या अ‍ॅम्पवरून, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावरून, एक वाद ठरलेला असतो. मार्शल भारी, मेसाचा ड्युअल रेक्टिफायर भारी, की पीव्हीचा ५१५०? मग कुणीतरी तिन्ही आवाज एकापाठोपाठ लावतो, सगळी बटणं मध्यावर ठेवतो, एकच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वाजवतो आणि निकाल जाहीर करतो. हा निकाल मला कधीच पटत नाही. हे अ‍ॅम्प कशातून कसे निघाले ते ठाऊक असलं, तर मध्यावरचं बटण प्रत्येक अ‍ॅम्पवर वेगळंच काम करतं हे लक्षात येतं.

सुरुवात होते ती गिटारच्या नव्हे, बेसच्या अ‍ॅम्पपासून. फेंडर कंपनीने बेस गिटारसाठी बासमन काढला. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्याची चार दहा-इंची स्पीकरांची आवृत्ती आली आणि ती गिटारवाल्यांनीच उचलली. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवणारे जिम मार्शल वाद्यांचं दुकान चालवत. अमेरिकन अ‍ॅम्प तिथे महाग पडत, म्हणून १९६२ मध्ये त्यांच्या माणसांनी बासमनचंच सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बांधला. सर्किट जवळपास तेच, पण पहिल्याच टप्प्यावर जास्त गेनची (सिग्नल जास्त वाढवणारी) ईसीसी८३ ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओतला असतो तसा काचेचा व्हॉल्व्ह, इंग्लंडात मिळणारे ट्रान्सफॉर्मर आणि मागून बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये चार बारा-इंची सेलेशन स्पीकर. पुढे स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबही बदलल्या आणि ईएल३४ आली. कागदावर किरकोळ वाटणाऱ्या या फरकांतून ‘ब्रिटिश’ आवाज तयार झाला.

ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. हिचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० आहे आणि हाय-गेनचा, म्हणजे भरपूर गेन देऊन काढलेल्या विकृत आवाजाचा, सगळा डोलारा हिच्यावरच उभा आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, तेव्हा घराघरातले रेडिओ व्हॉल्व्हवरच चालत. नंतर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह इथेच बनवले. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी भागात) रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या पिढीसमोर गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प उघडून ठेवला, तर त्यातलं फारसं काही त्यांना नवं वाटणार नाही. फक्त ज्या विकृतीपासून रेडिओ वाचवायचा असे, तीच इथे मुद्दाम मागितलेली असते.

१९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडच्या गिटारवादक पीट टाउनशेंडला आणखी दणका हवा होता, म्हणून मार्शलने १०० वॅटचा अ‍ॅम्प काढला. त्याला मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज वेगळा कमी-जास्त करणारं बटण) नव्हता. डिस्टॉर्शन (म्हणजे हीच विकृती) हवं तर आवाज पूर्ण उघडायचा. मग पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर सगळेच दबावाखाली येत. त्या आवाजातला मोठा वाटा या शेवटच्या टप्प्याचा होता. गिटारवादक एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून आपल्या मार्शलला मिळणारं व्होल्टेज खाली आणायचा, त्याने आवाजाची धार थोडी मऊ होई. मे महिन्यात कूलर आणि एसी एकदम सुरू झाले आणि लाइनचं व्होल्टेज पडलं की ट्यूब अ‍ॅम्प वेगळा वाजतो, त्यामागेही हेच कारण आहे. त्यामुळे दुपारी ऐकलेल्या एका अ‍ॅम्पची रात्री ऐकलेल्या दुसऱ्याशी तुलना करताना सांभाळून बोलावं.

१९७५ मध्ये मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचा २२०३ आणला. १९८१ पासून तो जेसीएम८०० या नावाने विकला जाऊ लागला. आता प्रीअ‍ॅम्पचे (पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागाचे) दोन टप्पे एकामागे एक जोडले होते आणि डिस्टॉर्शन तिथेच तयार होऊ लागलं. यातली एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. अशा ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) एरवी साधारण दीड हजार ओमचा रेझिस्टर असतो. २२०३ च्या दुसऱ्या टप्प्यावर तो थेट १० हजार ओमचा आहे. त्यामुळे ट्यूबमधला प्रवाह आटतो, ती बंद पडण्याच्या काठावर बसते आणि सिग्नलची एक बाजू दुसरीच्या आधी कापली जाते. मार्शलचा तो खरखरीत, दातेरी आवाज बऱ्याच अंशी या एका रेझिस्टरची करणी आहे. नव्या हाय-गेनचं बीज मला इथेच दिसतं.

दुसरी शाखा कॅलिफोर्नियातली, मेसाची. रँडल स्मिथने फेंडरच्या छोट्याशा प्रिन्स्टन अ‍ॅम्पमध्ये बासमनचं इंजिन बसवलं. गिटारवादक कार्लोस सँटानाने तो वाजवून पाहिला आणि त्याच्या तोंडून निघालेल्या उद्गारावरून ‘बूगी’ हे नाव पडलं. पुढे स्मिथने प्रीअ‍ॅम्पमध्ये गेनचा जादा टप्पा घातला आणि मार्क मालिका सुरू झाली. मात्र बेस, मिडल, ट्रेबल ही बटणं त्याने फेंडरच्या पद्धतीने सुरुवातीलाच ठेवली, म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी. मार्शलमध्ये ती गेनच्या टप्प्यांनंतर येतात. बटणांवरची अक्षरं तीच, पण मार्शलचं बेसचं बटण तयार झालेल्या डिस्टॉर्शनला आकार देतं, तर मार्कचं बटण डिस्टॉर्शनमध्ये काय शिरणार ते ठरवतं. मार्कवर बेस मध्यावर ठेवला की पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवलेला दबका स्वर) चिखलात रुततो.

१९८७ मध्ये माइक सोल्डानोने एसएलओ-१०० काढला. त्यात एकापुढे एक अनेक गेनचे टप्पे, मधल्या एका टप्प्यावर तब्बल ३९ हजार ओमचा कॅथोड रेझिस्टर आणि टोनची बटणं मार्शलसारखी शेवटी. टप्प्याटप्प्यावर बेस थोडा छाटलेला, त्यामुळे एवढ्या गेनमध्येही स्वर सुटा ऐकू येतो. १९९२ च्या आसपास आलेल्या दोन्ही गाजलेल्या अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पवर सोल्डानोची छाप स्पष्ट आहे: मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आणि एडी व्हॅन हेलनसाठी पीव्हीच्या जेम्स ब्राउनने आखलेला ५१५०. एडी पीव्हीतून बाहेर पडल्यावर तोच अ‍ॅम्प ६५०५ झाला.

मग हे दोन इतके वेगळे का वाजतात? मुख्य फरक पॉवरच्या बाजूला आहे. रेक्टिफायरच्या ‘मॉडर्न’ स्थितीत निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर जाणारा सिग्नल थोडा मागे आणून त्याला आवरणारी जोडणी) काढून टाकलेला असतो. स्पीकरवरचा लगाम सुटतो, खालचा आवाज पसरतो आणि छातीवर आदळतो. वर ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) निवडला तर जोरात वाजवल्यावर व्होल्टेज क्षणभर बसतं. ५१५० मध्ये फीडबॅक आहे, बेससाठी रेझोनन्सचं वेगळं बटण आहे आणि पॉवर ट्यूब कारखान्यातूनच थंड बायसवर (कमी स्थिर प्रवाहावर) लावलेल्या असत. म्हणून त्याचा आवाज आवळलेला, चावरा. वेगवान रिफला मी ५१५० च घेईन. रेक्टिफायरपुढे ट्यूब स्क्रीमर हे पेडल लावून बेस छाटण्याची पद्धतही या सैलपणामुळेच रूढ झाली.

तुलना करताना कॅबिनेट एकच हवं आणि आवाजाची पातळी सारखी हवी, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरीव वाटतो.

आपल्याकडे बहुतेकांनी हे अ‍ॅम्प लॅपटॉपवर किंवा मॉडेलरवरच (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रावरच) ऐकलेत. १९९८ चा लाइन ६ पॉड, मग फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ चा केम्पर अशी ती वाट आहे. सर्किटचं मॉडेल नेटकं केलेलं असेल तर टोनची बटणं तिथेही मूळ जागीच असतात. म्हणून पुढच्या वेळी वाद पेटला की मार्शल आणि ५१५० मध्यापासून सुरू करा, पण मार्कचा बेस दोनवर आणा आणि अंगभूत ग्राफिक इक्वलायझरची पहिली आणि शेवटची पट्टी वर, मधली खाली करा. मगच तोच रिफ पुन्हा वाजवा.