दगडांमधल्या फटी कोण बुजवतं?

उन्हाळ्यात कुठल्यातरी बंधाऱ्यात मासे मरून तरंगल्याची बातमी येते. फोटो छापून येतो, पाण्याचे नमुने तपासायला जातात आणि चार दिवसांत विषय संपतो. खरं तर मासे मरायच्या बऱ्याच आधी त्या पाण्यातले किडे गेलेले असतात, पण त्यांची बातमी होत नाही. उलट ‘पाण्यात किडे आहेत, म्हणजे पाणी खराब’ हेच आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माठातल्या पाण्याबाबत ते बरोबर आहे. वाहत्या नाल्याबाबत मात्र बहुतेक वेळा उलटं असतं.

रावेर तालुक्यात पालच्या बाजूला सातपुड्यातून उतरणारे नाले बघा. पाऊस संपून पाणी नितळ झालं की, खळखळाटातला तळहाताएवढा दगड उचलायचा आणि उलटा करायचा. दगडाला चिकटून बसलेलं, नखाहून लहान, चपटं काहीतरी खेकड्यासारखं तिरकं पळतं. ते मेफ्लाय नावाच्या माशीचं पिल्लू. मागे दोन-तीन लांब शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले. शेजारीच वाळूच्या कणांची बारीक नळी चिकटलेली असते. ती कॅडिसफ्लायच्या अळीने स्वतःच्या रेशमाने, पाण्याखाली, एकेक कण जोडून बांधलेली असते. पाण्यात न सुटणारं रेशीम!

हे चपटे मेफ्लाय इतके चोखंदळ की त्यांच्यावरून पाण्याला गुण देतात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एका गुणपद्धतीत त्यांच्या कुळाला १० पैकी १० आहेत. चिखलातल्या लाल अळ्यांना (या एका डासासारख्या माशीच्या, चावऱ्या डासाच्या नव्हेत) २, आणि गाळातल्या गांडुळवर्गी किड्यांना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर भारतीय नद्यांसाठी निकष केले आहेत. रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या क्षणाचं पाणी सांगते. किडा मात्र त्या पाण्यात कित्येक आठवडे राहिलेला असतो.

आता सातपुडा उतरून केळी-कपाशीच्या पट्ट्यात या. तिथे दगड उचलायला गेलात तर तो सहज निघत नाही, कारण तो गाळात निम्मा रुतलेला असतो. निघालाच तर खालची बाजू काळी, गुळगुळीत, रिकामी. माझ्या मते खानदेशातल्या नाल्यांच्या जिवांवर सगळ्यात मोठं संकट हेच आहे, आणि ते बाटलीतून येत नाही, वावरातून येतं. गाळ.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस येतो तेव्हा कपाशीचं वावर जवळजवळ उघडं असतं. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो आणि ढेकूळ फोडतो. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर, आणि चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा, लहान. कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास दहावा भाग झाला की वेग शंभरावा भाग. म्हणून २० मायक्रॉनचा पोयट्याचा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड मातीचा) कण स्थिर पाण्यात १० सेंटीमीटर खाली जायला ५ मिनिटंही घेत नाही, आणि २ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्यासाठीच सुमारे ८ तास लागतात.

मग असा कण वाहत्या पाण्यात खाली बसतोच कसा? तो बसत नाही, ओढला जातो. डोह संपून खळखळाट सुरू होतो तिथे पाण्याचा पृष्ठभाग पुढच्या बाजूला उतरता असतो. त्या दाबाच्या फरकाने थोडं पाणी तळातल्या खडीत शिरतं, दगडांमधल्या फटींतून पुढे सरकतं आणि खळखळाटाच्या शेवटी पुन्हा वर येतं. म्हणजे नाल्याखाली आणखी एक मंद नाला वाहत असतो. तो फटींमध्ये प्राणवायू पोहोचवतो, आणि त्याच वाटेने गढूळ पाणीही आत नेतो. पिठाच्या चाळणीत आधी कोंडा अडकावा आणि मग त्या कोंड्यात पीठ, तसं फटीत आधी वाळू अडकते, वाळूत पोयटा, पोयट्यात चिकणमाती. त्यात भर म्हणजे चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीतलं कॅल्शियम त्यांना एकमेकांजवळ आणून त्यांचे पुंजके करतं. पुंजका एकट्या कणापेक्षा लवकर बसतो. दोन-तीन पुरांत फट बंद, खालचा नाला बंद. प्राणवायू नाही, लपायला जागा नाही, आणि मेफ्लायच्या पातळ कल्ल्यांवर चिखलाचा थर.

आपल्याकडे या फटींचं मोल जास्त आहे, कारण आपले बरेचसे नाले बारमाही नाहीत. फाल्गुन-चैत्रात पात्र कोरडं पडतं, तरी हातभर उकरून झिरा काढला की पाणी लागतं. ते पाणी याच खालच्या नाल्याचं. कित्येक छोटे जीव उन्हाळाभर तिथे, ओलाव्यात, खोल सरकून राहतात. काहींची अंडी तग धरतात. पहिला पूर आला की ते वर येतात. कालपर्यंत कोरड्या असलेल्या नाल्यात एकदम जीव दिसू लागल्यावर ‘पावसाबरोबर आभाळातून पडतात’ असं शपथेवर सांगणारे अजूनही भेटतात, त्यात शिकलेलेही असतात. आभाळातून काही पडत नाही हो, सगळे तळमजल्यावर होते. त्याच तळमजल्यावर गाळ भरला की पुढच्या पावसाळ्यात वर यायला फारसं कोणी उरत नाही.

फवारणीचंही थोडं सांगायला हवं. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड (बियाण्याला लावूनही येतं) कीटकाच्या मज्जातंतूंवरच्या ठरावीक जागांना घट्ट चिकटतं आणि सहजी सुटत नाही. त्यामुळे थोडं-थोडं बरेच दिवस मिळालं तरी परिणाम साठत जातो. लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाणही मेफ्लायच्या पिल्लांना बाधतं. फवारणीचा पंप नाल्यात धुणं किती महागात पडतं, याचा अंदाज यावरून यावा. खताचा हिशेबही बघा. केळीला शिफारसच दर खोडाला सुमारे २०० ग्रॅम नत्राची. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ खोडं, म्हणजे जवळपास ८९० किलो नत्र. ठिबकमधून देणाऱ्यांचं कमी वाया जातं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. वाहून गेलेल्या नत्रावर शेवाळ माजतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं आणि पहाटे फक्त लाल अळ्यांचं फावतं, कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. अशा वेळी ‘जिवाणूंचं द्रावण टाका, नाला आठवड्यात शुद्ध’ म्हणणारे विक्रेते येतात. वरून रोज तेच येत असेल तर बाटलीभर जिवाणू काय करणार?

काठ राखणं स्वस्त पडतं. उंबर, करंज, जांभूळ, खाली गवत, असा दहाएक मीटरचा पट्टा असला तरी वावरातून आलेलं पाणी त्यात मंदावतं आणि बरीचशी माती तिथेच टाकतं. सावलीचा फायदा वेगळाच: २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला ७.५. गळालेली पानं म्हणजे तर जेवणच. आधी त्यावर बुरशी चढते, मग अळ्या ती कुरतडतात. आपण मात्र बांध कोरत-कोरत नांगर थेट दरडीपर्यंत नेला.

आणि जेसीबी. नाला खोल-रुंद केल्याने विहिरींना पाणी वाढतं, हे शिरपूर भागात लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण गोटे-खडी काढून सपाट तळाचा लांबलचक चर केला की तिथे थांबलेलं पाणी राहतं. त्यात चतुर येतात, टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) येतात, चपटा मेफ्लाय येत नाही, त्याला वाहतं पाणी आणि दगड लागतात. म्हणून काम आखताना वरच्या अंगाचा खळखळाट तरी सोडावा, सलग सगळा नाला खरवडू नये. पंख फुटलेली मेफ्लाय जेमतेम एक-दोन दिवस जगते, काही खात नाही आणि फार लांब उडतही नाही. अंडी घालायला तिला जवळपासच दगडांवरून वाहणारं पाणी सापडावं लागतं.