दहिसरचा 'पांचाली' खटला आणि स्टिल्टखालची पार्किंग

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मी बिल्डरला वेगळे पैसे मोजलेत, पावती आहे माझ्याकडे." या भांडणाचं मूळ १९६३च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात, म्हणजे 'मोफा'त आहे. फ्लॅट घेणाऱ्यांची अडवणूक आणि फसवणूक थांबावी म्हणून हा कायदा आला. त्यातल्या फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेजही धरलेलं होतं. पुढे इमारती खांबांवर उभ्या राहिल्या आणि खालची मोकळी जागा, म्हणजे स्टिल्ट, हे गॅरेजच, असं सांगून बिल्डर ती सुटी विकू लागले.

दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीत दोन विंग, सात मजले, एकूण ५६ फ्लॅट आणि स्टिल्टमध्ये २५ गाड्यांची जागा. पार्किंगच्या जागा बिल्डरच्याच, त्या विकायला आमची हरकत नाही, असं प्रत्येक खरेदीदाराकडून लिहून घेतलेलं. नहालचंद लालूचंद ही बिल्डर कंपनी, सोसायटीने या जागांत आडकाठी करू नये असा मनाई हुकूम मागायला दिवाणी न्यायालयात गेली. तिथे हरली, मुंबई उच्च न्यायालयातही हरली. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्या. लोढा आणि न्या. पटनायक यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयातही तिचं अपील फेटाळलं. स्टिल्ट किंवा उघड्यावरची पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा तो निकाल. लिहून घेतलेल्या हमीपत्रांचाही उपयोग झाला नाही, कारण कायद्याने बिल्डरवर टाकलेली जबाबदारी अशा कागदाने टळत नाही. माझ्या मते निकालातला सर्वांत मोलाचा भाग हाच. फ्लॅटची चावी हवी असलेला माणूस समोर ठेवलेल्या कागदावर सही करतोच, त्याला दुसरा पर्याय कुठे असतो?

या निकालाने सोसायट्यांना बळ मिळालं. पार्किंगचं वाटप आता उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सोसायटीने करायचं. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या.

मात्र 'पांचाली'चा दाखला सरसकट देण्यात धोका आहे, आणि तो अनेक सोसायट्यांच्या लक्षात येत नाही. तो निकाल मोफाखालचा. २०१६च्या 'रेरा' या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने उघडी पार्किंग सामाईक जागांत घातली, पण महाराष्ट्राच्या २०१७च्या नियमांत 'आच्छादित पार्किंग'मध्ये तळघर, पोडियम (इमारतीच्या पायथ्याचे पार्किंगचे मजले) यांच्याबरोबर स्टिल्टही आलं, आणि करारनाम्याच्या नमुन्यात त्यासाठी वेगळी रक्कम घेण्याची सोय झाली. पांचालीच्या रहिवाशांनी तीन न्यायालयांत राखलेली जागा नव्या इमारतींत अशी पुन्हा विक्रीला लागली, हे ग्राहकाच्या हिताचं झालेलं नाही. जागा घेऊनही मध्ये तुळई आल्याने गाडी शिरत नाही, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२४मध्ये महारेराने, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, आच्छादित पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण करारनाम्याच्या जोडपत्रात देणं बंधनकारक केलं.