चुकलो म्हणा, फसवलं म्हणू नका

संशोधक पीटर किम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना नोकरीच्या मुलाखतीचा व्हिडिओ दाखवला होता. उमेदवार हिशेबनीस. आधीच्या नोकरीत एका ग्राहकाचं करविवरणपत्र चुकीचं भरल्याचा आरोप. काही प्रेक्षकांना सांगितलं, ज्ञान तोकडं पडलं. काहींना सांगितलं, जाणूनबुजून केलं. ज्ञान तोकडं पडल्याचा आरोप असताना माफी मागणाऱ्या उमेदवारावर लोकांचा विश्वास अधिक बसला. लबाडीचा आरोप असताना मात्र आरोप फेटाळणंच फायद्याचं ठरलं.

यामागचं कारण सोपं आहे. हुशार माणूसही कधीतरी चुकतो, हे आपण गृहीत धरतो. प्रामाणिक माणूस मात्र ‘कधीतरी’ लबाडी करत नाही. म्हणून लबाडीची एक कबुली पुरते आणि शिक्का बसतो.

बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची माफीपत्रं या प्रयोगाशेजारी ठेवून वाचण्यासारखी असतात. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण फुटलं. एका व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप सुमारे २ लाख ७० हजार फेसबुक वापरकर्त्यांनी घेतलं होतं. त्यांच्या मित्रयाद्यांमधून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, हा खुद्द कंपनीचा अंदाज. केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या संस्थेच्या हाती ती पडल्याचं कंपनीला २०१५ च्या अखेरीसच कळलं होतं. तरीही तिचा पहिला पवित्रा होता तो चोरी झाल्याचं नाकारण्याचा. गंमत म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. कुणी कुलूप तोडलंच नव्हतं. मित्रांची माहिती घ्यायची मुभा फेसबुकनेच ॲपवाल्यांना २०१५ पर्यंत दिली होती. पण चोरी नसेल, तर मग ते धोरणच होतं! हा बचाव आरोपापेक्षा महागात पडणारा होता.

फेसबुकचे प्रमुख मार्क झकरबर्ग काही दिवस गप्पच राहिले. एप्रिलमध्ये अमेरिकी सिनेटसमोर त्यांनी सांगितलं, ते असं: आपल्या जबाबदारीकडे आम्ही पुरेशा व्यापक नजरेने पाहिलं नाही, ही मोठी चूक झाली. म्हणजे नजर कमी पडली. नियत जिथल्या तिथे. माझ्या मते माफीचा सगळा भार त्या ‘पुरेशा’वर होता.

नाकारण्यात धोका असतो, तो त्याच अभ्यासात दिसला होता. पुढे दोष सिद्ध झाला, तर आधी माफी मागितलेलीच बरी ठरते. फेसबुकवरच्या खोट्या बातम्यांचा २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीवर परिणाम झाला ही कल्पना झकरबर्ग यांनी निकालानंतर वेडगळ ठरवली होती. पुढल्या वर्षी रशियातून पसरवलेला मजकूर १२ कोटी ६० लाख अमेरिकनांपर्यंत पोहोचला असावा, असं कंपनीनेच सांगितलं. तोवर झकरबर्ग आपलं विधान मागे घेऊन बसले होते.

दंडाची भीती म्हणाल, तर २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. तो कंपनीचा जेमतेम महिनाभराचा महसूल, आणि दंडाची बातमी आली त्या दिवशी समभाग वधारला. गुंतवणूकदारांना रकमेपेक्षा अनिश्चितता संपल्याचं अप्रूप असावं.

तिसरा मार्ग बोलायचंच नाही, हा. मार्च २०१८ मध्येच गूगलला गूगल प्लस या आपल्या समाजमाध्यमात एक त्रुटी सापडली; ५ लाखांपर्यंत खात्यांची माहिती उघडी पडलेली असू शकत होती. जाहीर केलं तर फेसबुकशी तुलना होईल आणि सरकारी यंत्रणा मागे लागतील, असा इशारा कंपनीच्या अंतर्गत टिपणात होता. ऑक्टोबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने हे टिपण उजेडात आणलं, आणि त्याच दिवशी कंपनीने सामान्य वापरकर्त्यांसाठीचं गूगल प्लस बंद करत असल्याचं जाहीर केलं.

संकटसंवादाचे अभ्यासक सांगतात, वाईट बातमी स्वतःच आधी सांगितली तर झळ कमी बसते. डिसेंबरमध्ये गूगल प्लसमध्ये दुसरी त्रुटी निघाली, ५ कोटी २५ लाख वापरकर्त्यांना लागू होणारी, म्हणजे पहिलीच्या शंभरपट. ती गूगलने महिनाभरात स्वतःहून सांगितली. पहिल्या त्रुटीइतका गदारोळ त्यावर झाल्याचं मला तरी आठवत नाही.