घरकामगार, अमेरिकेतील

अमेरिकेत दुसऱ्याच्या घरी मोलाने स्वयंपाक, झाडलोट, धुणे, मुले सांभाळणे आणि आजारी-वृद्धांची शुश्रूषा ही कामे करणाऱ्यांचा वर्ग. आज या वर्गाची संख्या २२ लाखांच्या आसपास धरली जाते. त्यांतल्या दहापैकी नऊ स्त्रिया आहेत आणि निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी किंवा आशियाई वंशाच्या आहेत. वर्ग, वंश आणि लिंग या तीन विषमतांची अमेरिकी समाजाच्या अभ्यासात सहसा तीन वेगळी प्रकरणे होतात. घरकामाच्या बाबतीत तशी फोड करायला गेले की काहीच नीट सांगता येत नाही. या बाईला पगार कमी का, याचे उत्तर ती गरीब म्हणून, काळी म्हणून की बाई म्हणून, असे विचारून मिळत नाही. शिवाय अमेरिकी कायद्याने ‘कामगार’ कोणाला म्हणायचे हे जेव्हा जेव्हा ठरवले, तेव्हा तेव्हा ती व्याख्या घराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबली.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या घरचे काम गुलाम स्त्रिया करीत. उत्तरेकडच्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते दुष्काळामुळे देश सोडून आलेल्या आयरिश मुलींकडे होते. त्यांना सरसकट ‘ब्रिजेट’ म्हणत. मुलीचे खरे नाव काय, याच्याशी मालकिणीला कर्तव्य नसे. पण आयरिश मोलकरणीची मुलगी शाळामास्तरीण किंवा टायपिस्ट होऊ शकली, तिच्यासाठी हे काम एका पिढीचे ठरले. कृष्णवर्णीय मोलकरणीच्या मुलीला मात्र १९४० पर्यंत बहुधा मोलकरीणच व्हावे लागले. त्या वर्षी नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया घरकामात होत्या. फक्त गरिबी हे कारण असते तर दोघींच्या मुलींच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या नसत्या.

यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या स्त्रियांनी पहिली मागणी केली ती मालकाच्या घरात न राहण्याची. रात्री आपल्या घरी, आपल्या मुलांजवळ असावे म्हणून अनेकींनी स्वयंपाकाऐवजी धुणे धरले. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात तर या कामात त्यांची जवळजवळ मक्तेदारीच होती. सोमवारी घरोघरून कपडे गोळा करायचे, आठवडाभर धुवायचे, खळ घालून इस्त्री करायचे आणि शनिवारी परत पोचवायचे. पाणी विहिरीवरून वा हापशावरून आणायचे. साबण खारापासून घरीच केलेला, खळ गव्हाच्या कोंड्याची, आणि टब म्हणजे बिअरचे पिंप मधोमध कापून केलेले अर्धुक. एवढे करून महिन्याची कमाई चार ते आठ डॉलर.

जुलै १८८१ मध्ये वीस जणींनी मिळून एक संघटना काढली, बारा पौंड धुण्याला एक डॉलर हा दर ठरवला आणि संप पुकारला. चर्चमधून, दारोदार फिरून बायका जोडल्या गेल्या. तीन आठवड्यांत संपात तीन हजार स्त्रिया उतरल्या. पोलिसांनी धरपकड केली, दंड ठोठावले. नगर परिषदेत प्रस्ताव आला की प्रत्येक धोबिणीने वर्षाला २५ डॉलर परवाना फी भरावी. म्हणजे तीन ते सहा महिन्यांची कमाई. यावर बायकांनी महापौर जेम्स इंग्लिश यांना पत्र पाठवले: परवाना फी भरतो, पण मग शहरातल्या धुण्याचा दर आम्ही ठरवू. ऑक्टोबरात शहरात कापसाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचे होते, पाहुणे यायचे होते आणि धुणी तुंबलेली होती. अखेर परिषदेने फीचा प्रस्ताव सोडून दिला. संपाने दर किती वाढले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण काल-परवापर्यंत ज्यांची विक्री होत होती त्या स्त्रिया नगरपित्यांशी दराची बोलणी करीत होत्या, हे अटलांटाने पाहिले. आठच वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून, अर्पण केले होते. मुक्तीनंतर त्या माणसांच्या पोटापाण्याचे काय झाले, याचे एक उत्तर अटलांटाच्या या संपात सापडते.

घराच्या आतला व्यवहार कायद्यापेक्षा रिवाजावर चाले, आणि तो मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. दक्षिणेत मोलकरणीने मागच्या दाराने यायचे. तिची बशी-पेला वेगळा. ती साठीची असली तरी मालकिणीच्या दहा वर्षांच्या मुलानेही तिला एकेरी नावाने किंवा ‘पोरी’ म्हणून हाक मारायची, आणि तिने मात्र त्या मुलाच्या नावामागे आदराने ‘मिस्टर’ लावायचे. रात्रीचे उरलेसुरले अन्न भांड्यात घालून घरी न्यायची प्रथा होती, तिला ‘टोटिंग’ म्हणत. मालकिणी ते दान समजत आणि त्याच्या नावावर पगार कमी देत. बायका ते पगाराचा भाग समजत. जुने लुगडे आणि शिळी पोळी पगारात धरणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हा हिशेब अनोळखी नाही.

हे काम केवळ कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आले असेही नाही. मेक्सिकोच्या सीमेवरील एल पासो शहरात मोलकरणी पुलापलीकडच्या हुआरेझहून रोज ट्रामने येत. टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या भीतीने सीमेवरचे अधिकारी त्यांना कपडे उतरवून, उवा मारण्यासाठी रॉकेल-पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवाने अंग धुवायला लावत. २८ जानेवारी १९१७ रोजी कार्मेलिता टोरेस या सतरा वर्षांच्या मोलकरणीने ट्राममधून उतरायला नकार दिला, आणि काही तासांत शेकडो बायकांनी पूल अडवला. आंघोळीची सक्ती मात्र त्यानंतरही अनेक वर्षे टिकली.

१९३० च्या दशकातील मंदीत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात रस्त्याच्या कोपऱ्यांवर सकाळपासून कृष्णवर्णीय बायका उभ्या राहू लागल्या. हातात कागदी पिशवी, तिच्यात कामाचे कपडे. मालकिणी येत, न्याहाळत, तासाचा भाव करीत आणि एखादीला घेऊन जात. मुंबई-पुण्यातल्या मजूर अड्ड्यासारखाच हा प्रकार. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या एला बेकर आणि पत्रकार मार्व्हल कुक या दोघी स्वतः काम मागायच्या मिषाने तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर १९३५ च्या ‘क्रायसिस’ मासिकात त्यांनी या ‘ब्राँक्सच्या गुलाम-बाजारा’वर लेख लिहिला. तासाला पंधरा सेंट इतक्या कमी दरानेही बायका जात. काही घरांत कामाचे तास कमी दिसावेत म्हणून भिंतीवरचे घड्याळच मागे केले जाई.

त्याच वर्षी संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकी कामगारांना म्हातारपणचे निवृत्तिवेतन आणि बेकारी विमा दिला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. संघटनेचा हक्क देणारा १९३५ चा कामगार संबंध कायदा आणि किमान वेतन ठरवणारा १९३८ चा कायदा यांच्याही लाभापासून ते दूर राहिले. कृष्णवर्णीयांच्या बाजूने सिनेटच्या समितीसमोर साक्ष देताना वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी सामाजिक सुरक्षा विधेयकाला चाळणीची उपमा दिली: भोके नेमकी एवढी, की बहुतेक कृष्णवर्णीय खाली पडावेत. या वगळण्याच्या कारणांवर इतिहासकारांत वाद आहे. स्वस्त मजूर हातचे जाऊ नयेत म्हणून दक्षिणेतल्या खासदारांनी अडवणूक केली, हा एक पक्ष. घरोघरून वर्गणी वसूल करणे अर्थखात्याला अवघड वाटले आणि वगळलेल्यांत गोरेही पुष्कळ होते, हा दुसरा. दुसऱ्या पक्षाकडे पुरावे आहेत, पण ज्यांची वर्गणी वसूल करणे ‘अवघड’ ठरले ते नेमके कोण, हा प्रश्न त्याने सुटत नाही. नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना निवृत्तिवेतन मिळाले ते १९५० च्या दुरुस्तीने, किमान वेतन त्याहूनही उशिरा, १९७४ साली.

या चाळीस वर्षांत मोलकरणी गप्प नव्हत्या. अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरी शहरात बसमधल्या वंशभेदाविरुद्ध झालेला १९५५–५६ चा बस बहिष्कार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने ओळखला जातो. पण त्या बसमधून रोज जाणाऱ्या उतारूंत मोठा भरणा मोलकरणींचा होता आणि ३८१ दिवस पायपीट केली ती त्यांनी. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने बायका जमवून केक आणि ‘पाय’ नावाचे गोड पक्वान्न विकले आणि पैसे आंदोलनाला दिले. पैसे कोठून आले असे विचारले तर सांगायचे, ‘कोठूनच नाही’. म्हणून मंडळाचे नावच ‘कोठूनच नाही’ असे पडले. बायकांची नोकरी जाऊ नये म्हणून ही काळजी. गंमत अशी की गोऱ्या मालकिणीच आपापल्या मोलकरणींना मोटारीतून ने-आण करू लागल्या. महापौरांनी त्यांना दटावले, तेव्हा काहींनी उलट ऐकवले की मग घरकाम करायला तुम्ही या.

अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी १९६८ मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय संघटना काढली. त्या स्वतः लहानपणापासून घरकामे करीत आल्या होत्या, आणि बायकांना गाठण्याची त्यांची जागा म्हणजे सिटी बस. सदस्य व्हायचे तर मतदार यादीत नाव नोंदवण्याची अट होती. किमान वेतनाच्या १९७४ च्या दुरुस्तीसाठी संसदेत झटणाऱ्या शर्ली चिशोम या तिथे निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांची आई बार्बाडोसहून आलेली, शिवणकाम आणि लोकांची घरकामे करणारी.

या विषयाची सैद्धांतिक मांडणीही याच अनुभवातून आली. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी १९४९ मध्येच लिहिले होते की कृष्णवर्णीय कामकरी स्त्रीवर तीन जुलूम एकाच वेळी होतात, आणि पुरोगामी गोऱ्या बायकाही आपल्या मोलकरणीशी कसे वागतात ते पाहा. न्यायालयांना मात्र हे पचले नाही. १९७६ च्या एका खटल्यात जनरल मोटर्समधून कमी केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना न्यायालयाने सांगितले की वंशभेदाची तक्रार करा किंवा लिंगभेदाची, दोन्ही जोडून नवा दावा होत नाही. कंपनीने कृष्णवर्णीय पुरुषही घेतले होते आणि गोऱ्या स्त्रियाही. त्यामुळे कागदोपत्री दोन्ही भेद नाहीत. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच निकालाची चिरफाड करून, एकमेकींना छेदणाऱ्या अशा विषमतांसाठी ‘आंतरछेदिता’ ही संज्ञा रूढ केली. घरकामगाराला तर एवढीही तक्रार करता येत नाही: नोकरीतील भेदभावाविरुद्धचा १९६४ चा संघराज्याचा कायदा पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकालाच लागू आहे.

मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडल्या आणि घरकामाची मागणी पुन्हा वाढली. ती भागवायला कॅरिबियन बेटे, मेक्सिको, फिलिपीन्स आणि दक्षिण आशियातून बायका आल्या. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी निवडलेल्या झोई बेर्ड यांनी विनापरवाना राहणारे जोडपे घरकामाला ठेवून सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरली नसल्याचे उघड झाले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. तोवर पुरुष उमेदवारांना ‘तुमची मुले कोण सांभाळते’ असे कोणी विचारले नव्हते. शेवटी पद मिळाले जॅनेट रेनो यांना. त्या अविवाहित होत्या, मूलबाळ नव्हते.

न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाचा जादा दर, वर्षभरानंतर तीन भरपगारी रजा, एवढ्याच त्याच्या मुख्य तरतुदी. त्यामागच्या लढ्यात न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातली दक्षिण आशियाई घरकामगारांची १९९८ पासूनची संघटनाही होती. तिचे नाव ‘आंदोलन’. भारतीय मात्र या गोष्टीत मालकाच्या बाजूनेही दिसतात. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामगाराच्या व्हिसा अर्जात तासाला ९.७५ डॉलर पगार दाखवून प्रत्यक्षात त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकाच दिला, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. तो त्यांनी नाकारला आणि जानेवारीत राजनैतिक संरक्षणाखाली त्या भारतात परतल्या. मराठी वृत्तपत्रांनी रकाने भरले ते त्यांच्या अंगझडतीबद्दल, आणि त्या अपमानाबद्दलचा संताप समजण्यासारखा होता. पण ज्या बाईच्या पगारावरून हे सारे घडले, तिच्या तासांचा हिशेब क्वचितच कोणी मांडला.

बिनपगारी घरकामाची आणखी एक मराठी वहिवाट आहे: लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन सहा महिन्यांच्या व्हिसावर न्यू जर्सीला जाणारी आजी. तिची कुठल्याच आकडेवारीत नोंद नाही.

१९७४ ची दुरुस्तीही पूर्ण नव्हती. वृद्धांना ‘सोबत’ करणाऱ्यांना तिने किमान वेतनातून वगळले. सोबत म्हणजे बसून गप्पा मारणे, अशी कल्पना. प्रत्यक्षात हीच बाई म्हाताऱ्याला न्हाऊ घाले, डायपर बदले, उचलून खुर्चीत बसवी. एव्हलिन कोक या जमैकाहून आलेल्या शुश्रूषा करणाऱ्या बाईंनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. ओबामा प्रशासनाने २०१३ मध्ये नियम बदलला आणि न्यायालयीन लढाईनंतर २०१५ मध्ये तो अमलात आला. पण न्यूयॉर्कमध्ये आजही चोवीस तासांची पाळी करणाऱ्या सेविकेला तेरा तासांचाच पगार देता येतो. हिशेब असा की आठ तास ती झोपली आणि तीन तास जेवली. त्या आठांतली पाच तास सलग झोप मिळाली नाही तर त्या आठही तासांचे पैसे द्यावे लागतात.  राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये हा नियम कायम केला.