गजवडिवू: माणसाने हत्तीसारखं उभं राहायचं म्हणजे काय?

उत्तर केरळातली पारंपरिक कळरी म्हणजे जमिनीत तीन-चार फूट खोल खणलेला, ४२ फूट लांब आणि २१ फूट रुंद आखाडा. तिथे कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला शिकायला आलेल्या पोराच्या हाती काठी आणि तलवार बऱ्याच उशिरा पडते. आधी मेय्तारी, म्हणजे निव्वळ अंगमेहनत. त्यातलं महत्त्वाचं अंग म्हणजे वडिवू, प्राण्यांच्या नावाचे पवित्रे. बहुतेक ठिकाणी आठ शिकवतात: हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मांजर, कोंबडा आणि मोर. कोणता पवित्रा नेमका कसा घ्यायचा, हे गुरुपरंपरेनुसार थोडंफार बदलतं. आपल्या तालमीतही सर्पदंड, शेरदंड, वृश्चिकदंड आहेतच.

नक्कल म्हणून पाहिलं तर गजवडिवू साफ फसलेली नक्कल आहे. पाय फाकवायचे, पावलं समोर, गुडघे चांगले वाकवून कंबर खाली, पाठ ताठ, आणि दोन्ही मुठी चेहऱ्यासमोर सोंडेसारख्या. आता उभा हत्ती आठवून बघा. त्याचे पाय खांबासारखे सरळ असतात. हाडावर हाड नीट रचलेलं असल्यामुळे काही टनांचा भार मुख्यतः हाडंच पेलतात. माणूस गुडघे वाकवतो तेव्हा त्याचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. नवख्याच्या मांड्या मिनिटाभरात थरथरायला लागतात. थोडक्यात, हत्तीसारखं उभं राहायचं तर हत्ती करतो त्याच्या उलट करावं लागतं.

मग त्यात हत्तीचं काय? ढकललं तरी न ढळणं.

साधा हिशेब करू. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस सरळ उभा असेल तर त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर असतो. पावलांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ३० सेंटिमीटर धरा. त्याला बाजूने ढकलून पाडायला लागणारा जोर ठरतो तो या अंतराच्या निम्म्याला उंचीने भागून, म्हणजे १५ भागिले ९५. वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा जोर पुरे. पाय ९० सेंटिमीटर फाकवले आणि गुरुत्वमध्य ६५ वर आणला, तर ४५ भागिले ६५. तोच जोर आता चौपटीहून जास्त लागतो. अट एकच, पाय घसरता कामा नयेत. अनवाणी पाय आणि चोपलेली माती ती बाजू सांभाळतात.

पण ही मजबुती फक्त डाव्या-उजव्या अंगाला. पुढे-मागे आधार पावलाच्या लांबीएवढाच राहतो. हत्तीला चार पाय आहेत, आपल्याला दोनच. म्हणून अश्ववडिवूत एक पाय पुढे वाकतो, दुसरा लांब मागे ताणला जातो आणि सगळा रोख समोर येतो. एका प्राण्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून एका पवित्र्यातून दुसऱ्यात झटकन जाता येणं हीच खरी विद्या, असं मला वाटतं.

हे सगळं गुरुक्कळ, म्हणजे कळरीतले गुरू, कोन आणि सेंटिमीटर सांगून शिकवत नाहीत. ते वायतारी देतात, म्हणजे लयीत पुकारलेल्या आज्ञा, आणि त्यात प्राण्याचं नाव येतं. ही पद्धत का चालते याचं उत्तर हालचाली शिकण्याच्या विज्ञानात सापडतं. १९९८ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या सराव-यंत्रावर प्रयोग केला. काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांवर लक्ष ठेवणारे सरस ठरले. २००१ मध्ये लिआओ आणि मास्टर्स यांनी टेबल टेनिसचा टॉपस्पिन शिकवला. एका गटाला नियमांची यादी दिली, दुसऱ्याला एवढंच सांगितलं की बॅट काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून वर न्या. मग खेळतानाच डोकं गुंतवणारं दुसरं काम दिलं. यादीवाल्यांचा खेळ घसरला, त्रिकोणवाल्यांचा टिकला. लढाईत डोकं गुंतलेलंच असतं. तिथे गुडघा, कंबर, पाठ, मुठी असं एकेक आठवत बसलात तर मार खाल. 'हत्ती' म्हटलं की सगळं एकदम जागेवर यायला हवं.

चीनच्या शानदोंग प्रांतातल्या प्रार्थनाकीटकाच्या (प्रेइंग मँटिस) कुंग-फू शैलीचंही असंच आहे. तो कीटक एक दशांश सेकंदाच्या आत भक्ष्य पकडतो. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हलायलाच साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, तेव्हा तो वेग उचलणं अशक्य. शैलीने उचलला तो त्याच्या पुढच्या पायांचा हुकासारखा आकार: मनगट वाकवून समोरच्याचा हात अडकवायचा आणि ओढायचा.

उपमा मात्र शिकणाऱ्याच्या ओळखीची लागते. टेबल टेनिसचा तोच प्रयोग हाँगकाँगमध्ये झाला तेव्हा त्रिकोणाचा कर्ण तिथल्या लोकांच्या पचनी पडेना. संशोधकांनी बॅट डोंगराच्या उतारावरून वर न्यायला सांगितली आणि काम झालं. मलबारातल्या पोरांनी उत्सवातला हत्ती आणि शेतात घुसणारं रानडुक्कर लहानपणापासून पाहिलेलं होतं. सिंह मात्र त्यांच्या रानात नव्हता, तो बहुधा देवळातल्या कोरीव कामातूनच माहीत असावा.