दंतवैद्यकातील महिला नेतृत्व : सोलापूर

दंतवैद्यकाचे शिक्षण, व्यावसायिक संघटना आणि सार्वजनिक मुखआरोग्य यांत निर्णय घेण्याच्या जागी स्त्रिया असणे. या व्यवसायात स्त्रियांना पदवी आधी मिळाली, पद फार उशिरा. अमेरिकेत ल्यूसी हॉब्ज टेलर १८६६ मध्ये पदवीधर झाल्या. तिथल्या दंतवैद्यक संघटनेला पहिली महिला अध्यक्ष मिळाली १९९१ मध्ये. ब्रिटनमध्ये लिलियन लिंडसे यांची दंतवैद्यकाची पात्रता १८९५ ची, तिथल्या संघटनेचे अध्यक्षपद १९४६ चे. आपल्याकडे कलकत्त्यात शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला आणि काही वर्षांनी भावाचे घर सांभाळण्यासाठी तो बंदही केला. ते कारण आजही जुने वाटत नाही.

सोलापुरात शासकीय दंत महाविद्यालय नाही. केगावला खासगी आहे. बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) वर्गांत आता सगळीकडेच मुली जास्त दिसतात. पुढे लग्न, बदललेले गाव, नवरा-बायकोचा एकत्र दवाखाना. पाटीवर दोघांची नावे असली तरी बाईंच्या हाती चिमटा पाहून ‘दात काढायला सर कधी येत्यात?’ असे विचारणारे पेशंट भेटतातच. संघटनेच्या बैठका दवाखाने बंद झाल्यावर रात्री भरतात, तेव्हा घरी मुलांच्या जेवणाची वेळ असते. पदाधिकाऱ्यांच्या यादीत बायका कमी का, याचे अर्धे उत्तर या वेळापत्रकातच आहे.

पण नेतृत्व फक्त यादीत शोधले तर सोलापूर कळणार नाही. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतीत हजारो बायका विड्या वळतात. तंबाखू दिवसभर हाताशी, त्यात अनेकींना मिश्री लावायची सवय. पुरुष डॉक्टरसमोर ‘नाही’ म्हणणारी बाई महिला डॉक्टरला, तेही तेलुगू किंवा कन्नडमध्ये विचारले तर, खरे सांगण्याची शक्यता अधिक. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे तपासणीसाठी दिवस मोडणे परवडत नाही. म्हणून शिबिर कुठे आणि किती वाजता घ्यायचे, हा निर्णयच खरा नेतृत्वाचा. विड्या जमा करायला बायका कारखान्यात येतात त्या वेळी तिथेच टेबल मांडले, तर रांगेत उभ्या उभ्या गालाच्या आतला, कर्करोगाची पूर्वखूण ठरू शकणारा पांढरा चट्टा पाहता येतो आणि तोंड पुरेसे उघडते का, म्हणजे त्यात तीन बोटे उभी मावतात का, हेही तपासून होते.